‘दगडातलंच आहे ते, बाई’ म्हणणाऱ्या खाणमालकास खुले पत्र

विद्यार्थ्याला पत्र लिहिताना वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची माझी सवय आहे. आज ते लिहिताना हात अडला, म्हणून थेट विषयाला येते. तुझे नाव मी लिहीत नाही. गुंजवणीच्या खोऱ्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. भोर-वेल्ह्यात तुझ्यासारखे आणखीही मालक आहेत. त्यांनी हे पत्र आपल्याच नावाने आले आहे असे समजून वाचावे.

ग्रामसभेत ओढ्याच्या राखाडी पाण्याचा विषय बायकांनी काढला तेव्हा तू उठलास. खिशातून पाणीतपासणीचा घडी घातलेला कागद काढलास आणि म्हणालास, “सगळं मर्यादेत आहे. आणि धातूंचं म्हणाल, तर ते दगडातलंच आहे, बाई. डोंगराचंच आहे. आम्ही काय बाहेरून आणून टाकलंय?” दोघे-तिघे हसले. मी गप्प राहिले, कारण दोन वाक्यांत मावेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते आता सविस्तर देते. आठवीत रसायनाच्या तासाला तू खिडकीतून राजगडाकडे बघत बसायचास आणि मी बघू द्यायचे. आज मात्र शेवटपर्यंत वाच.

तुझे जे बरोबर आहे ते आधी मान्य करते, म्हणजे पुढे तुला पळवाट राहणार नाही. भोर-वेल्ह्यात धातूची खाण नाही. इथे फुटतो तो काळा दगड, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढत गेलेल्या लाव्हाचा. या दगडात तांबे, निकेल, क्रोमियम, कोबाल्ट, व्हॅनेडियम मुळातच पुष्कळ असते. तुलनेसाठी जगभर शेल खडकाची सरासरी वापरतात. टुरेकियन आणि वेडेपोल यांनी ती १९६१ साली मांडली. तिच्यात एका किलोत ४५ मिलिग्रॅम तांबे धरले आहे. आपल्या दख्खनच्या दगडात ते शंभराच्या वर, कित्येक ठिकाणी दोनशेच्या आसपास असते. त्यामुळे जिथे कधी डंपर फिरकला नाही अशा ओढ्यातला गाळ त्या सरासरीशी ताडून पाहिला, तर तोही ‘तांब्याने दूषित’ निघेल. तोरण्याच्या कड्याखालचा झराही गुन्हेगार ठरेल. तेव्हा केवळ तांब्याचा आकडा मोठा आला म्हणून कुणी तुला दोषी ठरवू लागले, तर त्याला अडवणारी पहिली मी असेन.

पण आता गणित बघ. फळ्यावर सोडवून दाखवावे तसे सांगते. म्युलर नावाच्या जर्मन संशोधकाने १९६९ साली एक निर्देशांक दिला. गाळातले धातूचे प्रमाण घ्यायचे, त्या धातूच्या मूळ प्रमाणाच्या दीडपटीने त्याला भागायचे आणि येणाऱ्या संख्येचा दोन पायाचा लॉगरिदम काढायचा. उत्तर शून्याच्या वर गेले की गाळ दूषित होऊ लागला असे समजतात. १९८० साली स्वीडनच्या हाकानसनने त्यापुढचा प्रश्न विचारला: प्रमाण किती पटींनी वाढले हे कळले, पण वाढलेला धातू कोणता? नदीच्या तळाशी राहणाऱ्या जिवांना सगळे धातू सारखेच घातक नसतात. म्हणून त्याने प्रत्येकाला विषारीपणाचा गुणक लावला. जस्ताला १, क्रोमियमला २, तांब्याला आणि शिशाला ५, आर्सेनिकला १०, कॅडमियमला ३०, पाऱ्याला ४०. आता समज, गाळात तांबे मूळच्या तिप्पट झाले. तीन पंचे पंधरा. चाळीसच्या आत, म्हणजे धोका कमी. समज, कॅडमियम तिप्पट झाले. तीन गुणिले तीस, नव्वद. हाकानसनच्या पट्टीवर ऐंशीच्या पुढे गंभीर धोका सुरू होतो. वर्गात तुला गुणाकार नकोसा वाटायचा. ब्रासचा आणि रॉयल्टीच्या पावत्यांचा हिशेब मात्र तू तोंडी करतोस, तेव्हा हे तुला जड जाऊ नये.

दोन्ही सूत्रांत ‘मूळ प्रमाण’ खाली बसले आहे. ते चुकले की वरचे सगळे चुकते. भोर-वेल्ह्याचे मूळ प्रमाण भोर-वेल्ह्याच्याच न खोदलेल्या मातीतून काढायला हवे. खाणीच्या वरच्या अंगाचा गाळ, शेजारच्या अस्पर्श ओढ्याचा गाळ, आणि तोही खोदाई सुरू होण्याआधी. परवाना घेताना तू असा एक तरी नमुना घेतलास? ‘डोंगराचंच आहे’ असे म्हणायचे तर डोंगराचे किती, हे सांगता आले पाहिजे. तू ते मोजले नाहीस आणि तरीही भरसभेत त्याची ग्वाही दिलीस. शाळेत याला मी खोटे बोलणे म्हणत असे आणि आजही तेच म्हणते.

बाहेरून काय आणले, असे विचारलेस. तेही मोजून सांगते. आपल्या बेसाल्टमध्ये शिसे फार थोडे आणि कॅडमियम त्याहून थोडे असते. ओढ्याच्या गाळात हे दोन धातू चढले, तर डोंगराला पुढे करता येत नाही. सुरुंग उडवायला लागणाऱ्या डिटोनेटरमध्ये लेड अझाइड आणि लेड स्टिफनेट ही शिशाचीच संयुगे असतात. पोकलेन आणि हायवाच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्यांत शिसे असते. टायर झिजतो त्यातून जस्त उतरते, ब्रेक झिजतो त्यातून तांबे. शेडमागे ओतलेल्या काळ्या ऑइलमध्येही जस्त असते. क्रशरचा जबडा मँगनीज पोलादाचा असतो आणि त्यात शंभराला बारा-चौदा भाग मँगनीज असते. दगड चावून चावून तो झिजतो, म्हणून तर तू त्याच्या प्लेटा बदलतोस. झिजलेले पोलाद भुकटीत मिसळते आणि भुकटी ओढ्यात जाते. यातली एकही वस्तू राजगडावर उगवत नाही.

आता त्या भुकटीबद्दल. माझ्या रागाचे खरे कारण तीच आहे.

नदीची वाळू मिळेनाशी झाली आणि सगळी बांधकामे क्रश सँडवर गेली. सिमेंटच्या कामाला ७५ मायक्रॉनखालची बारीक भुकटी एका मर्यादेपलीकडे चालत नाही, म्हणून तू वॉशिंग प्लांट लावलास आणि ती धुऊन काढू लागलास. धुतलेली वाळू पुण्याला जाते. धुवण ओढ्यात. हेच नेमके नदीला सोसत नाही. गाळातले धातू तपासताना शास्त्रज्ञ नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून घेतात, कारण धातू बारीक कणांनाच धरून राहतात. जाड वाळूत त्यांचा अंश कमी. म्हणजे विकाऊ वाळूतून तू जे वेगळे काढून टाकतोस, जवळजवळ तोच भाग प्रयोगशाळा धोका शोधायला वेगळा काढते.

अख्ख्या दगडातले धातू बहुतांशी खनिजांच्या जाळीत अडकलेले असतात, हे मी नाकारत नाही. पण एक सेंटिमीटरचा दगडाचा घन घे आणि त्याचे दहा मायक्रॉनचे बारके घन कर. दगड तेवढाच राहिला, पृष्ठभाग हजारपट झाला. सहा चौरस सेंटिमीटरचा सहा हजार. पाणी, हवा, जिवाणू, शेवाळाची आम्ले यांना हजारपट जागा मिळाली. पावसाला ज्या कामाला युगे लागतात ते तुझा क्रशर एका पाळीत उरकतो. म्हणूनच गाळात एकूण धातू किती एवढ्यावर चांगला संशोधक थांबत नाही. त्यातला किती सैल आहे, सौम्य आम्लात किती सुटतो, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवर किती बसला आहे, सेंद्रिय भागात किती, हे तो टप्प्याटप्प्याने काढतो. जो सुटतो तो जिवात जातो. तुझ्या कागदावर यातले एकही मापन नव्हते, कारण तू गाळ तपासलाच नाहीस. तू पाणी तपासलेस, आणि तेही मर्यादेत येणारच होते. शिसे, तांबे, क्रोमियम वाहत्या पाण्यात फार वेळ विरघळून राहत नाहीत. कणांना चिकटतात आणि डोहात, वळणावर, बंधाऱ्याआड बसतात. बाटलीत भरलेले पाणी त्या सकाळचे असते. डोहाच्या तळाशी तुझी सगळी वर्षे साठली आहेत.

जूनमध्ये एकदा पहाटे ओढ्यावर ये. पहिला पूर उतरला की चढणीचे मासे वर येतात. लहानपणी तूही टोपली घेऊन ते धरायला धावत होतास. मासे वर येतात ते अंडी घालायला. त्यांना स्वच्छ गोटे लागतात आणि गोट्यांच्या फटींतून खेळणारे पाणी लागते, कारण अंडे त्या पाण्यातूनच श्वास घेते. तुझे धुवण त्या फटींत जाऊन बसते आणि उन्हाळ्यात सिमेंटसारखे आवळते. अंडी घुसमटतात. चतुराच्या अळ्या, झिंगे, शिंपल्या, गोगलगाई हे सगळे फटींतले आणि गाळातलेच रहिवासी. त्यांतल्या कित्येकांना गाळ सोडून जाताच येत नाही. गाळात जे आहे ते त्यांच्या पोटात जाते. त्यांना मासे खातात, खेकडे खातात. आणि खेकडे कोण खाते, हे तुला सांगायला नको. ओढ्याकाठच्या कातकरी वस्तीतल्या पोरांच्या ताटात बाजाराचे मटण क्वचित येते, ओढ्याचा खेकडा नेहमी. पर्यावरणीय धोका हा शब्द सभेत आला तेव्हा तू हात उडवलास. तो धोका त्या ताटापासून मोजायला सुरुवात कर.

मूळ प्रमाण आता आणायचे कुठून, असे तू म्हणशील. डोंगर तर फुटला. ते आहे, आणि तुझ्या-माझ्या तालुक्यातच आहे.

वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२७ साली पुरे झाले. साडेतेवीस टीएमसीचा साठा, बारामतीपासून फलटणपर्यंतच्या शेतीला पाणी देणाऱ्या नीरा खोऱ्याच्या धरणांत सर्वांत मोठा. वेळवंड खोऱ्याच्या डोंगरांतून दर पावसाळ्यात उतरलेली माती त्याच्या खोल भागात थरावर थर बसत गेली आहे. वरचा थर परवाचा, खालचा माझ्या आजीच्या तरुणपणचा. दगड तोच, आपलाच. तिथल्या गाळात नळी उभी घालून गाभा काढला, तर शंभर वर्षांच्या पाऊसपाण्याची नोंद हाती येते. तिच्यावर तारखाही टाकता येतात. उघड्या हवेतल्या अणुचाचण्यांतून पृथ्वीभर पसरलेल्या सीझियम-१३७ चा ठसा १९६३ च्या सुमाराच्या गाळात सर्वांत ठळक असतो. नैसर्गिक शिसे-२१० ठरलेल्या वेगाने घटत जाते, त्यावरून मधल्या थरांची वये निघतात. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेही हिशेबात धरता येते. क्रशर, डंपर आणि पोकलेन यायच्या आधीच्या थरांत तांबे किती, निकेल किती, शिसे किती, हे मोजले की आपल्या खोऱ्याचे मूळ प्रमाण मिळाले. मग परदेशी शेलच्या सरासरीची गरज नाही, आणि तुझ्या ग्वाहीचीही नाही. त्या आकड्यांशेजारी तुझ्या ओढ्याचा, शिवगंगेचा, गुंजवणीचा आणि वीर धरणाच्या फुगवट्याचा गाळ ठेवायचा. जो निकाल येईल तो तू मान्य कर, मीही करीन. गाळ निर्दोष निघाला तर मी त्याच ग्रामसभेत उभी राहून तसे सांगेन.

गाळ नदीच्या तळाशीच पडून राहिला असता, तरी मी गप्प बसले नसते. पण तो तिथे राहतही नाही. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटले की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर आपल्याकडे गाळपेर होते. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतकरी ट्रॉल्या भरून रानात नेऊन पसरतात. योजना चांगली आहे. मुरमाड रानाला गाळाने जीव येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पण याचा अर्थ असा, की आज तू ओढ्यात सोडलेले धुवण उद्या कुणाच्या तरी भाताच्या खाचरात पसरले जाईल. ज्याने तो गाळ आपल्या खर्चाने वाहून नेला त्याला त्यात काय आहे हे सांगणारे कोणी नसेल. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे भारतीय मानक आहे, शिशाला लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमला ०.००३. नदीच्या गाळासाठी तसे सर्वत्र लागू होणारे मानक आपण अजून केलेले नाही, परक्या देशांच्या पट्ट्या लावून काम भागवतो. याच मोकळ्या जागेत तुझा धंदा उभा आहे.

भात हा शब्द लिहिला आणि जपान आठवला. तोयामा प्रांतात जिन्झू नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण होती. खाणीच्या कचऱ्यातले कॅडमियम नदीत, नदीतून पाटात, पाटातून भातखाचरांत गेले. खाचरात पाणी तुंबलेले असते तोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते. कापणीआधी खाचर सुकवले की हवा शिरते, ते सुटते आणि नेमके दाणा भरताना रोपात चढते. अनेक वर्षे तो भात खाल्लेल्या बायकांची, विशेषतः बाळंतपणे झालेल्या उतारवयातल्या बायकांची हाडे ठिसूळ होऊन खोकल्यानेही मोडू लागली. त्या विव्हळत त्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ नाव पडले. आपल्या भाषेत ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून १९६८ साली मान्य केला. दूषित शेतजमीन नीट करण्याचे काम १९७९ साली सुरू झाले आणि २०१२ साली संपले. एका खाणीचे उष्टे काढायला तेहतीस वर्षे. तुझी खाण कामिओका आहे असे मी म्हणत नाही. आपल्या दगडात जस्त-कॅडमियमचा साठा नाही. पण खाण, गाळ, पाट, खाचर, ताट ही वाट तिथे होती तशीच वेल्ह्यात आहे. आपण इंद्रायणी आणि आंबेमोहोर पिकवतो, आणि खाचर सुकवूनच कापणी करतो.

इतक्या लांब जायचे नसेल तर गोव्याला जा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड बाजूला ढीग करून ठेवलेला. पावसात ते ढीग ओहोळांत उतरले, भातशेतीत आणि खाजनांत बसले. खनिज भरलेल्या बार्जेस मांडवी-जुवारीतून मुरगावकडे जात, त्यांतले सांडत गेले. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आणि गोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी या नद्यांचा गाळ वर्षानुवर्षे तपासला आहे, आणि त्यात लोह व मँगनीज चढलेले दिसत आले. तिथेही ‘लोखंड तर इथल्या तांबड्या मातीतच आहे’ असेच म्हटले जात होते. मँगनीजचे एक लक्षण ध्यानात ठेव. तळाशी हवा असते तोवर ते घट्ट बसते. तळ कुजका झाला, प्राणवायू संपला, की विरघळून वर येते आणि आपल्यावर बसलेले इतर धातूही मोकळे करते. गोवेकर त्याच गाळातल्या तिसऱ्या आणि खुबे खातो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ आणि फेब्रुवारी २०१८ या दोन्ही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांबद्दल काय म्हटले ते तुझ्या धंद्यातल्या माणसाने वाचलेलेच असेल. मला गोव्याच्या या सगळ्या गोष्टीतले एक महत्त्वाचे वाटते. गोव्यात बंदीनंतर गाळाची तुलना करता आली, कारण बंदीआधीचे नमुने होते. कुणीतरी आधी चिखलात उतरले होते.

आणि सिंधुदुर्गातले कळणे. दोडामार्ग तालुक्यातल्या या गावात जुलै २०२१ मध्ये लोहखनिजाच्या खाणीत साठलेले पाणी बांध फोडून निघाले आणि लाल चिखलाचा लोंढा घरांत, बागायतीत शिरला. मराठी माणसाच्या अंगणातली गोष्ट आहे ही, आणि फार जुनी नाही. तुझ्या बंद पडलेल्या खड्ड्यातही पाणी तुंबलेले आहे. त्याच्या खालच्या अंगाला घरे आहेत. त्यांतल्या एका घरात तुझी मावशी राहते.

कायदा तुला माझ्यापेक्षा पाठ आहे, म्हणून थोडक्यात. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीची अट घातली, कारण मोठा पट्टा तुकड्यांत मागून सुटका करून घेण्याची युक्ती देशभर चालू होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८(७) विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू देते. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. त्यात भोर आणि वेल्ह्याची गावे आहेत, आणि अशा क्षेत्रात खाण, दगडखाण, वाळूउपसा बंद करायचा आणि चालू असलेले पाच वर्षांत संपवायचे असे त्यात लिहिले आहे. त्यानंतर मसुद्यामागून मसुदा निघत राहिला; सहावा जुलै २०२४ मध्ये. अंतिम होत नाही तोवर जेवढा डोंगर उतरवता येईल तेवढा उतरवून घ्यायचा, अशी तुझी घाई मला रात्री साडेअकराला खिडकीची तावदाने थरथरली की कळते.

खडी नको असे मी म्हणत नाही. माझ्या शाळेच्या भिंतीत काळा दगडच आहे आणि चेलाडी फाट्यापासून वेल्ह्यापर्यंतचा रस्ताही खडीवरच उभा आहे. तुझ्या क्रशरवर आपल्याच गावची वीस-पंचवीस पोरे काम करतात, त्यांच्या घरी चूल त्यावर पेटते. तेच पहिल्यांदा ती भुकटी छातीत घेतात, हेही विसरू नकोस. मी जे मागते ते तुला परवडणारे आहे. धुवणासाठी एकाखाली एक तीन निवळटाक्या बांध, निवळलेले पाणी पुन्हा प्लांटला घे आणि टाकीतला गाळ ओढ्यात न ढकलता खड्डा भरायला वापर. ऑइल आणि बॅटऱ्या उघड्यावर टाकू नकोस. ओढ्याच्या काठावर ढीग लावणे आजपासून थांबव. आणि गाळाची तपासणी करून घे: पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, खाणीच्या वर, खाली आणि शेजारच्या न खोदलेल्या ओढ्यात. शिसे, कॅडमियम, मँगनीज, तांबे, निकेल, क्रोमियम, जस्त. निकाल मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाव. २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणले ते बाधित गावांसाठीच. तिथे अर्ज करायचा असेल तर मी लिहून देते, खाली सही तू कर.

भाटघरच्या गाळाचा गाभा काढायला मोठी संस्था लागेल; पुण्यात आणि खडकवासल्यात अशा संस्था आहेत आणि मी त्यांना पत्रे लिहायला घेतली आहेत. पण वरचा, आताचा थर आपण दोघेही गोळा करू शकतो. मे महिन्यात पाणी खाली जाते आणि कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ बाहेर येते. वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली राहिलेले ते दगड त्या दिवसांत कोरडे असतात आणि सभोवती गाळाचा मऊ विस्तार पसरलेला असतो. त्या देवळापाशी मला भेट. त्यानंतर तुझ्या ओढ्यावर जाऊ.

पहाटे ये. ऊन चढले की गाळाला भेगा पडतात आणि वरचा थर हलतो. लोखंडी खोरे आणू नकोस, नमुन्यात त्याचेच धातू उतरतात. प्लॅस्टिकची डावली आणि झाकणाचे स्वच्छ डबे मी आणते. वरचे पाच सेंटिमीटरच घ्यायचे. प्रत्येक डब्यावर जागा, तारीख आणि वेळ लिहायची, आणि ती तू तुझ्या हाताने लिही. तुझे अक्षर मला अजून ओळखता येते.

तुझी,
बाई